गरम झाकणाची थप्पड

अक्कलकोट रोडला चन्नवीरचं गॅरेज कुटंय असं विचारलं, तर माणसं आधी सवताचा गाल चोळत्यात, मग पत्ता सांगत्यात. हसू नका, खरंय. गरम रेडिएटरच्या झाकणाला कुणी हात लावला, की चन्नवीरची थप्पड बसलीच. आधी थप्पड, मग कारण. एकदा सासऱ्यालाच ठेवून दिली. बिचारा दोन दिवाळ्या लेकीकडं फिरकला न्हाय!

कारण त्याच्या मानेवर हाय. काम शिकत असताना त्यानं असंच एक झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळलं अन् कानापासनं खांद्यापर्यंत कातडं सोलून निघालं. तवापासनं कॉलर कायम वर. बायको भुवनेश्वरी म्हणती, "चाळिशीत हिरो झालेत आमचे."

त्या दुपारी करकंबचा गुंडा नावाचा गडी पिकअप घेऊन आला. केळीची भाडी मारणारा, अंगानं रेडा. पंधरा दिवसांमागं चन्नवीरनंच गाडीची सर्व्हिस केलेली. आता बॉनेटमधनं वाफ, अन् गुंडाच्या नाकातनं बी.

"गाडी पाणी पितीय! रोज दोन बाटल्या! खाली थेंब सांडत न्हाय. तूच कायतरी बिघडवलंस," म्हणत त्यानं बॉनेट उघडलं अन् फडक्यानं झाकण धरलं.

फाट्!

बाप गेल्यापासनं गुंडाला कुणी मारलं नव्हतं. मग त्यानं चन्नवीरला कॉलरीला धरून उचलला अन् पत्र्याच्या दारावर आपटला. कॉलर टरकन फाटली. दुसऱ्या बुक्कीला एक दात उडून नटांच्या डब्यात पडला. तिसरीला चन्नवीर गुडघ्यावर आला. गुंडानं त्याचा उजवा हात ओढला, टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात घातला, अन् आवळायचा दांडा फिरवला.

"ह्योच हात नं? आता ह्यानं पाना धरून दाखीव."

कड्! एक बोट गेलं. चन्नवीर गुरासारखा ओरडला. सगळा हात गेला तर गॅरेज गेलं, हे त्याला दुखण्याच्याही आधी कळलं. ओरडता ओरडता त्याची नजर रेडिएटरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीवर पडली. सर्व्हिसला त्यानं सवता भरलेलं कूलंटचं पाणी हिरवं होतं. हे पिवळंधमक!

तवर भुवनेश्वरी गुंडाच्या मागं जॅकचा रॉड घेऊन उभी.

"अहो, डोकं फोडू का ह्याचं?"

"नको! ऑइलचं झाकण काढ! आतनं बोट फिरव!"

तिनं रॉड काखेत धरला, इंजिनवरचं झाकण काढलं अन् बोट गुंडाच्या नाकापुढं नाचवलं. बोटाला पिठल्यासारखा पांढरट लगदा.

"गुंडाअण्णा, ऑइल असं असतंय का?" चन्नवीर रक्त थुंकत बोलला. "त्यात पाणी मिसळलंय. इंजिनचं हेड बसतंय त्याच्याखालचं गॅस्केट फाटलंय. पाणी खाली सांडत न्हाय, इंजिनच्या पोटात जातंय."

"म्हंजी तूच फाडलंस!" दांडा अजून फिरला. कड्! दुसरं बोट.

"आईऽऽ! हळद कुणी टाकली?"

दांडा थांबला.

"कसली हळद?"

"बाटलीतलं पाणी बघ की!"

गुंडानं बघितलं. मान खाली गेली. "मागल्या आठवड्यात वैरागच्या वाटंवर पाणी जरा गळत व्हतं... चिमूटभर हळद टाकली की गळती बुजती म्हणत्यात."

"किती टाकलीस?"

"पुडा."

"केवढा?"

"अर्धा किलोचा."

"मुडद्या, गाडीचं लगीन काढलं व्हतंस काय?" भुवनेश्वरी किंचाळली.

"गळती बुजली," चन्नवीर कण्हला, "पर रेडिएटरच्या आतल्या बारीक नळ्या बी बुजल्या. पाणी फिरंना. इंजिन तापून तापून गॅस्केट गेलं. सोड आता!"

गुंडानं दांडा उलटा फिरवला. हात बाहेर आला. दोन बोटं वाकडी, तीन शाबूत. माफी मागंल तर तो गुंडा कसला! "बघतो की खरंच नळ्या बुजल्यात का," असं पुटपुटत त्यानं परत फडकं घेतलं अन् गरम झाकणाला हात घातला.

फाट्!

ह्या बारीला डाव्या हातानं.

गुंडानं मूठ उगारली. तवर फाटलेल्या कॉलरीतनं चन्नवीरची ती मान दिसली, वितळून थिजलेल्या मेणासारखी. गुंडानं मानेकडं बघितलं, झाकणाकडं बघितलं, अन् मूठ सोडून गाल चोळत खाली बसला.

"गार व्हायला किती येळ लागंल?"

"दोन तास," भुवनेश्वरी म्हणाली. रॉड अजून तिच्या हातातच. "तवर ह्यास्नी दवाखान्यात घेऊन जा. पाठीवर घेऊन. तुझी गाडी काय हालत न्हाय."