कुणाचं मशीन गप हाय?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गल्लीत शेडला शेड लागून आहे आणि प्रत्येक शेडमध्ये पत्र्यावर ठोके घालणारं प्रेस मशीन. नवा माणूस तिथे कानात बोटं घालतो. शकुताई साळवे मात्र सकाळी चहाचा पेला घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहत आणि त्या गदारोळात जो आवाज येत नाही, तो ऐकत. "कुणाचं मशीन गप हाय?" म्हणत चालू लागत. कुणाचं, ते त्यांना कळलेलं असेच.

देवगाव रंगारीहून नवऱ्यापाठोपाठ इथल्या बजाजनगरात राहायला आलेल्या या बाईने आधी घरात सुटे भाग पॅक केले, मग स्वतःची शेड टाकली. मी नोकरी सोडून त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच कामाची शेड उघडली तेव्हा त्या आत आल्या, मशीनवरून हात फिरवला. मला वाटलं, आता भांडण.

"लई बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकट्या दुकानाला गिऱ्हाईक हुडकत येत नाय. बाजार असला की येतंय."

मला ते तोंडदेखलं वाटलं. पण पहिल्याच ऑर्डरला माझ्या मशीनचा क्लच गेला. संध्याकाळी माल पोचला नाही तर कंपनीचं दार कायमचं बंद. डोक्याला हात लावून बसलो, तोवर शकुताई दारात. "डाय काढ."

डाय म्हणजे पत्रा कापायचा साचा, धंद्यातलं गुपितच. ते स्पर्धकाच्या हाती कसं द्यायचं? मी घुटमळलो.

"अरं येड्या, तुझ्या डायचं काय लोणचं घालू? माल चुकला तर कंपनी तुझं नाव नाय घेणार. म्हणंल, त्या गल्लीत दम नाय. मग सगळेच बसू माशा मारत."

स्वतःचं काम उतरवून त्यांनी माझी डाय चढवली. माल वेळेत गेला. एवढं मोठं काळीज मी तोवर पाहिलंच नव्हतं.

पुढे त्यांच्याच कारागिरांनी गल्लीत शेड टाकल्या. फीत कापायला शकुताईच. "घर फुटलं नाय, गल्ली वाढली," म्हणायच्या.

गेल्या उन्हाळ्यात पहाटे हृदयविकाराचा झटका आला आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा माल जायचा होता. बुद्धवंदना झाली, त्यांना पोचवून आम्ही परतलो. शेड बंद ठेवायच्या का, कुणीतरी हळूच विचारलं. त्यांच्या मुलीने डोळे पुसले, शेडचं कुलूप काढलं आणि एकेक डाय आमच्या हाती दिली. "आईचं मशीन आज राहू द्या, काका. माल जाऊ द्या."

डाय चढवून मी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि कान दिला. एकच मशीन गप होतं. बाकी सगळी शकुताईंचा माल काढत होती.