रविवारची तिरकी रेघ

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारीक आवाज आता हळूहळू निसटत जातील, आणि मला करजणचे काका आठवले. ते माझ्या वडिलांबरोबर रिफायनरीत होते. मी शाळेत असताना मोर्स त्यांनीच शिकवलं. पुढे मी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्तही झाले, पण रविवारी सकाळी चहा झाला की वासण्यातल्या आमच्या घरात रेडिओवर काकांचे मोर्सचे बारीक सूर यायचेच. आता काही महिने ते येत नव्हते. डॉक्टरांचं ऐकून मी समजून चुकले की काका बोलावत असणार, माझा कानच संपला.

"फोन करून विचार ने," नवरा त्याच्या गुजराती वळणात म्हणाला. त्याला कोण समजावणार? फोनवर काका आणि मी मधुमेहापासून लग्नकार्यापर्यंत सगळं बोलायचो, फक्त रेडिओवर ऐकू आलं का, हे विचारायचं नाही. तसं विचारणं म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं, असं काकांचं मत, आणि मी त्यांची शिष्या. दुसरा नियम असा की बोलावणार ते आणि मी ठरलेल्या जागी, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, थांबणार, बटण फिरवायचं नाही. दोघंही शोधायला निघालो तर चुकामूक होते. तेव्हा मी दर रविवारी हेडफोन लावून हलत नव्हते आणि खरखर ऐकत होते.

कान नाही तर डोळे, असं मी ठरवलं. रिसीव्हरला एक जोड मिळते. आसपासची सगळी स्टेशनं ती पडद्यावर रेघांनी दाखवते. कुठली घ्यावी यावर मी घरच्यांचं डोकं खाल्लं. अलकापुरीत एका हौशी मित्राच्या ऑफिसात तयार डबा होता. "बेन, आ जुओ, एकदम मस्त," तो म्हणाला. डबा देखणा होता, पण पडदा एवढासा. चष्मा काढून नाक टेकवलं तेव्हा रेघा दिसल्या. पडदा अंगातच असलेला नवा सेट घ्या, असं दुसऱ्याचं म्हणणं. म्हणजे माझा जुना रिसीव्हर माळ्यावर? ते मला सहन होणारं नव्हतं. तिसरा मार्ग पेनड्राइव्हएवढ्या डोंगलचा. रिसीव्हरच्या मागे एक भोक होतं, इतकी वर्षं रबरी टोपण घालून बसलेलं. तिथून तार डोंगलला, डोंगल लॅपटॉपला. पडदा भरपूर मोठा आणि जुन्या सेटला धक्का नाही. मी तेच घेतलं.

रविवारी लॅपटॉप उघडला आणि हातातला चहा तसाच राहिला. निळ्याशार पडद्यावर रेघा वरून खाली सरकत होत्या. कुणी मोर्स करत होतं, त्याचे तुकडे तुकडे. कुणी बोलत होतं, त्याचा लोकरीसारखा पट्टा. जन्मभर मी एकेक आवाज ऐकला, बाकीचे बटण फिरवल्यावर भेटणार म्हणून सोडून दिले. ते सगळे या घटकेला शेजारी शेजारी नांदत होते. मी शिकवलेल्या लहरी मला पहिल्यांदाच दिसत होत्या आणि माझे हात जोडले गेले. नवरा मागून डोकावला. "केम, दिसलं काही?" मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तोही खुर्ची ओढून बसला.

आमच्या ठरलेल्या जागी काहीच नव्हतं. मात्र तिच्या थोडं डावीकडे एक फिकट रेघ उतरत होती. बाकीच्या ओळंब्यात, ही तिरकी. तुटक होती, आणि तुकड्यांमधली काकांची ती किंचित लांबलेली विश्रांती मी कुठेही ओळखली असती. काकांचा घरी बांधलेला ट्रान्समीटर तापला की ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकत होता. ते प्रामाणिकपणे बोलावत होते, मी प्रामाणिकपणे भलतीकडे थांबले होते.

मी नियम मोडला आणि बटण फिरवलं. हेडफोनमध्ये माझ्या लायसन्सवरची खूण आली, लहान पण स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं. माझ्या कानाला ते सगळं ऐकू येत होतं.

मी मोर्समध्येच उत्तर दिलं. पलीकडून आलं, "आलीस."

"दर रविवारी तुम्ही होतात?" मी विचारलं.

"दर रविवारी. कुणीच उत्तर देईना. वाटलं, माझा मोर्सचा हात आता कुणाला वाचता येत नाही. हा शेवटचा रविवार ठरवला होता."

नवऱ्याला मोर्स येत नाही. काय म्हणतात काका, असं तो विचारत होता. मी त्याला हाताने थांबवलं. तुमचा सेट सरकतोय, हात पूर्वीसारखाच आहे, एवढं काकांना कळवायचं होतं, आणि तेवढ्यात माझीच अक्षरं तीनदा चुकली.