जाड जाळीचं चित्र

खात्यात तिला सगळे 'जाळीवाली' म्हणत. लोकांना दुसरं सुचतं काय! इंजिनातल्या आवाजाहून वेगवान वाऱ्यात सोडलेलं इंधन हवेत मिसळतं का, हे ती संगणकावर पाहायची. त्यासाठी वाऱ्याच्या वाटेवर बारीक चौकोनांची जाळी आखायची. जाळी जाड असली, तर पडद्यावर इंधन खोटंच छान मिसळतं, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं. तेही याच खात्यातले. इंधन सोडायच्या एका तिरक्या भोकापायी त्यांनी अख्खी नोकरी खर्ची घातली, पण त्यांच्या काळच्या संगणकाला बारीक जाळी झेपतच नव्हती.

आता ते दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिने त्यांचंच भोक घेतलं, जाळी चौपट बारीक केली आणि तिला कळलं, की इंधन भिंतीला चिकटून तसंच वाहून जातं. उभ्या जन्माची मेहनत पाण्यात.

"काय गं, मिसळलं का?" वडिलांनी विचारलं.

"मिसळलं, बाबा. झकास!"

"जाळी?"

"चौपट बारीक केली."

"दाखव बघू चित्र."

तिने फोन पुढे केला. त्यावर जुन्या, जाड जाळीचं चित्र होतं. बाबांनी चष्मा लावून ते बराच वेळ निरखलं. जन्मभर चौकोन पाहिलेला माणूस, त्याला ती काय फसवणार?

"छान," ते म्हणाले आणि त्यांनी तिचा हात थोपटला. "माझ्या वेळी पण अगदी हुबेहूब असंच यायचं."

मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती फोन हातात धरून तशीच बसून राहिली.