झिजलेली सुई

वाशीमच्या बाजारात माझं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक थांबावं म्हणून मी ग्रामोफोन ठेवला होता. एक म्हातारी भाजीवाली, भाजी संपली की, रिकामी टोपली पालथी घालून माझ्या पायरीशी बसे आणि प्रत्येक तबकडीवर मत देई. एका नामांकित गवयाला ऐकून म्हणाली, "हा बाप्पा गाते का भांडते?" सनई लागली तर म्हणे, "लगन दुसऱ्याचं, आपल्याले काय!"

फक्त एका बाईच्या ओव्या लागल्या की ती डोळे मिटून घेई. "माही गेलेली लेक अशीच गाये. लावा ना, मालक."

मी रोज लावत असे. पण फुकट ऐकणारीसाठी नवी सुई कशाला, म्हणून झिजलेलीच. बोथट सुई तबकडी खरवडून टाकते, हे मला ठाऊक होतं.

काही महिन्यांत नुसती खरखर उरली. ती तिनं शेवटपर्यंत ऐकली.

"मालक, पोरीचा आवाज येतच नाही. माहे कान गेले वाटते."

"वय झालं आता, माय," मी म्हणालो.

त्यानंतरही ती बाजारात समोरच बसे, पण पायरीशी आली नाही. तिचे कान शाबूत आहेत, हे सांगायला मला रस्ताच ओलांडायचा होता. मी ओलांडला नाही.