मास्तरीण नावाचं झाड

काकूंच्या अंगणात पाऊल टाकलं की कोण जिवंत आहे आणि कोण गेलं, हे आधी नीट विचारून घ्यावं लागे. मी लग्न होऊन नाशिकहून सक्करदऱ्याला आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "देशमुखीण गेली वं बाई. कालच्या उन्हानं पार जळली." माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. देशमुखबाई सकाळीच तर मला दूध घेताना भेटल्या होत्या! काकूंनी आत नेऊन कुंडीतलं एक वाळून कोळसा झालेलं रोप दाखवलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

रोप ज्याच्याकडून आलं त्याचं नाव त्या रोपाला, अशी काकूंची पद्धत. त्या काळी आमच्या भागात फांद्या, कंद, बिया या घरून त्या घरी सारख्या फिरत. हळदीकुंकवाला गेलेली बाई परतताना पदराआड एखादी काडी घेऊन येई. झाडाचं खरं नाव देणारीला ठाऊक नसे आणि घेणारीही विचारत नसे. मी एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या, "धर्माच्या गाईचे दात काहून मोजावं? फूल आलं का झाड सोताच नाव सांगते." तोवर त्या पान चुरडून हुंगत, देठ मोडून चीक निघतो का बघत. निघाला तर "हे पाजी आहे" म्हणून कुंडी मागच्या भिंतीकडे सारत.

'मास्तरीण' मात्र भिंतीकडे गेली नाही. पलीकडच्या गल्लीत शाळेच्या बाई राहत, त्यांनी दिलेलं ते झाड. खोड बाटलीसारखं फुगीर, वर तांबड्या फुलांचा झुबका. चीक होता, पण फुलाच्या देखणेपणावर काकू भाळल्या आणि कुंडी थेट पायरीवर आली. फूल आलं तरी मास्तरीण नाव काही सांगेना. मग हिरवी फळं धरली, आणि काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवू लागल्या.

माझी मिनू तेव्हा तीन वर्षांची. दुपारची ती काकूंच्याच अंगणात असायची. त्या दुपारी मी धान्य निवडत होते आणि काकूंची किंकाळी ऐकू आली. धावत गेले तर काकूंनी मिनूच्या तोंडात बोट घातलेलं. "थुक! थुक वं बाई, थुक लवकर!" पायरीवर फळांची टरफलं पडलेली. आतली बी शेंगदाण्यासारखी दिसत होती. पोरीने किती गिळल्या, देव जाणे. 

आमचे हे तेव्हा हिंगण्याला, कारखान्यात होते. रिक्षा करून काकू आणि मी मिनूला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंय?" काकू म्हणाल्या, "मास्तरीण." डॉक्टर आमच्याकडे बघतच राहिले. काकूंनी आणलेली फांदी त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि मान हलवली. काका झाडाचं नाव विचारायला सायकल मारत शाळेच्या बाईंकडे गेले होते, ते घामाघूम होऊन परत आले. बाईंच्या घरी त्याच झाडाला 'भिलाईवाली' म्हणत. भिलाईहून आलेल्या कुठल्याशा पाहुणीने ते दिलं होतं. इतक्या घरांत ते झाड नांदत होतं आणि नाव एकाही घरात नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं.

मिनूला उलट्या सुरू झाल्या. नंतर ती कण्हायचीही थांबली, नुसती माझ्याकडे बघत पडून राहिली. तेव्हा काकूंनी पदराची गाठ सोडली. उरलेली फळं त्यांनी डॉक्टरांना दाखवायला बांधून आणली होती. त्यातलं एक दाताने फोडून आतलं बी त्यांनी चावून गिळलं, मग दुसरं.

"अवं, काय करून राहिली तू?" काका ओरडले.

"लेकरू काय सांगणार बापा? मले तं सांगता येते. मले काय होते ते पाहत राहा, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर भयंकर संतापले. पण थोड्याच वेळात शेजारच्या खाटेवरून काकू सांगू लागल्या, "घशात आग होऊन राहिली... आता पोटात मुरडा..." मग त्यांनाही बोलवेना. त्याचा उपचारासाठी किती उपयोग झाला, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, नाव नसलं तरी सलाईन लावता येतं. मला मात्र त्या खाटेकडे बघून धीर आला होता, हे खरं. सकाळी मिनूने पोहे मागितले. काकू त्यानंतरही कितीतरी दिवस उठून बसल्या नाहीत.

काका झाड उपटायला निघाले, तर काकूंनी उपटू दिलं नाही. "उपटलं तं नाव कसं समजन? उद्या दुसऱ्याच्या लेकरानं खाल्लं तं डॉक्टरले काय सांगशा?" कुंडी गच्चीवर गेली, जिन्याच्या दाराला कुलूप लागलं. काकू कुठेही जाताना त्याचं एक पान पिशवीत नेत. अखेर एका पुष्पप्रदर्शनात तीच बाटली, तेच फूल दिसलं. खाली पाटी होती, 'जेट्रोफा'. मांडणाऱ्या बाईंनी सांगितलं, वनएरंडाच्या जातीचं आहे, बिया विषारी, मुलांना जपा. काकू गर्रकन वळल्या. म्हणाल्या, "मिनू कुठं आहे?" मिनू त्यांच्याच शेजारी उभी होती, कॉलेजात जाणारी. घरी येताच काकूंनी झाड मुळासकट उपटलं आणि ज्या ज्या घरी पूर्वी त्याची रोपं दिली होती, त्या प्रत्येक घराची कडी वाजवून त्याचं नाव सांगून आल्या.

शेवटच्या दुखण्यात काकूंना कुणाचीच ओळख उरली नाही. काकांनाही त्या "तुम्ही कोण गा?" म्हणत. मिनू सासरहून भेटायला आली. तिने हात हातात घेतला, तरी काकूंच्या डोळ्यांत काही हललं नाही. मग एकदम त्यांची बोटं मिनूच्या हातावर आवळली गेली. घाबऱ्याघुबऱ्या होऊन त्या पुटपुटू लागल्या, "थुक वं बाई, थुक लवकर..."

मी पुढे झाले, पण मिनूने मला थांबवलं. ती वाकली, आपला मोकळा तळहात तोंडाशी धरून खरोखर थुंकली आणि तो तळहात काकूंना दाखवला.

"थुंकले काकू. सगळं थुंकले."

काकूंनी हात सोडला.