मुदपाकखान्यातली बाई सिनेमात का नाही?

मंडळी, आत्ताच बोईसरहून सिनेमा बघून जवळच्याच माहीम गावी घरी आलेय. सासूबाई समोर ठाण मांडून बसल्यात. हे लिहून झाल्याशिवाय त्या चहा घेणार नाहीत.

आमच्या लाडक्या ऐतिहासिक मालिकेची पुढची गोष्ट सिनेमात आलीय. हत्ती, तोफा, लढाई, सगळं झकास. मला आवडला.

पण मालिकेत राजाच्या मुदपाकखान्यात एक स्वयंपाकीणबाई होती. दर भागात जेमतेम दोन वाक्यं बोलायची. सासूबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवतात, त्यामुळे त्यांचा सगळा जीव तिच्यात. सिनेमात ती नाहीच. मेली म्हणून नाही, गाव सोडून गेली म्हणून नाही. कुणी नावसुद्धा काढलं नाही.

सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाला आला, तरी सासूबाई खुर्ची सोडेनात. "थांब गो, येल ती आता."

रिक्षात मी समजावलं, "आई, अडीच तासांत सगळ्यांना कुठे जागा देणार?"

"राजाच्या घोड्याला दिली ना?"

 तेव्हाच ठरवलं, सिनेमावाल्यांपर्यंत पोचेस्तोवर ही पोस्ट रोज टाकणार. तुम्हीही पुढे पाठवा. तुमचंही कुणी असंच गाळलं असेल, तर खाली त्याचं नाव लिहा.

सासूबाईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत देते: "तीन दिवस लढाई चालली. येवडं सैन्य जेवलं कुनाच्या हातचं?"