वन्संचं प्लास्टिकचं खळं

"आई, आत्या गेली," असं निलेशने हॉस्पिटलमधून फोनवर सांगितलं तेव्हा मी मागच्या अंगणात ब्रश शोधत होते. कावळ्याने हिरवळीवर घाण केली होती आणि वन्सं हॉस्पिटलमधून घरी आल्या की त्यांची पहिली नजर तिथेच गेली असती. मी म्हटलं, "बरं, पण ब्रश कुठे ठेवलाय ते विचार ना तिला." पलीकडे तो रडायलाच लागला. आणि मला त्याचा राग आला, साधं एक काम सांगितलं तर रडतोय काय हा! त्याला दीड महिना झाला. ब्रश पाण्याच्या टाकीमागे सापडला. बाकीच्याचा अर्थ मात्र अजून नीट लागत नाही...

हिराबाई ही माझी मोठी नणंद. खारघरला, सरकारने घेतलेल्या शेताच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर आमचं बैठं घर आहे. आमचे हे गेल्यापासून तिथे आम्ही दोघीच. निलेश साहेब लोकांबरोबर गोल्फ खेळायला लागला तेव्हा त्याने मागच्या अंगणात खोट्या गवताची गोल हिरवळ बसवून घेतली. तिच्यात वाटीएवढं एक भोक, आणि त्यात बॉल हळूच ढकलत न्यायची प्रॅक्टिस करायची. वर्षभर ढकलला त्याने बॉल, मग बदली होऊन बंगळूरला गेला. हिरवळ राहिली आमच्या गळ्यात. मी म्हणाले, गुंडाळून देऊन टाकू कुणाला तरी. वन्संनी मात्र तिला नाव दिलं, 'खलं'. म्हणजे भात झोडायचं खळं. बहुतेक गोल आणि सपाट दिसलं म्हणून. का दुसरंच काही त्यांच्या मनात होतं, ते मी विचारलं नाही.

रोज सकाळी चहाआधी त्या तिथे. बदामाची पानं हाताने वेचायची. लोखंडी दाताळं लावायचं नाही, पाती बुडापासून उचकटतात. मग लांब दांड्याचा ब्रश उलट्या अंगाने मारायचा, म्हणजे निजलेली पाती उभी राहतात. आठवड्याला पाइपने धुणं, साबण अगदी नावाला. पात्यांच्या बुडाशी बारीक वाळू असते, ती पावसात वाहून गेली की नवी पसरून हाताने सारखी करायची. भोकात साचलेलं पाणी स्टीलच्या वाटीने उपसायचं. आणि कडेच्या फटीतून खरं गवत उगवलं की ते उपटायचं! मी पायरीवर बसून चहा पीत चिडवायची, "वन्सं, खरं उपटता आणि खोटं जपता, धन्य आहे तुमची." त्या मान वर न करता म्हणायच्या, "तू गप गो बकरे. तुला दोनीतला फरक कदी कलला?"

हे 'बकरी' माझ्या लग्नाच्या वर्षीचं. मी उरणच्या कारकुनाची मुलगी, नुकती शिक्षिका झालेली, आणि शहाणपण असं की काही विचारू नका. बेणणीला, म्हणजे भातातलं तण काढायला, शेतात उतरले ती मनगटावर घड्याळ बांधून! पोरांना फळ्यावर वनस्पतींचे भाग काढून दाखवणारी बाई मी, मला कोण काय शिकवणार? एक अख्खी ओळ सफाईने उपटून बांधावर रचली आणि घड्याळात बघितलं, किती वेळात केलं म्हणून. मी भात उपटलं होतं. भातासारखं दिसणारं गवत तेवढं डौलात उभं होतं. वन्सं धावत आल्या आणि त्यांनी दिवस मावळेपर्यंत वाकून प्रत्येक रोप पुन्हा चिखलात खोवलं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बकऱ्या शिरल्यावत्या." त्या दिवसापासून मी बकरी. त्या बाईने माझी अब्रू राखली आणि मी? शाळेत मैत्रिणींना सांगत फिरले, की नणंदेला साधं बोलायची रीत नाही. घड्याळवाली बकरी!

वयाने अक्कल येते म्हणतात, माझी वाटेत कुठेतरी उतरली असावी. चार वर्षांपूर्वी वन्सं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या, तेव्हा मी त्यांच्या खळ्यावर ओला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातला. ऊन मस्त, जागा स्वच्छ, खाली टोचत नाही... मला तर स्वतःच्या कल्पनेचं कौतुक वाटलं. तो नखाएवढा जवळा पात्यांच्या बुडापर्यंत उतरून बसला. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीतली मांजरं आणि मुंग्या आमच्याकडे पाहुण्या. वन्सं डोळ्याला काळा चष्मा लावून आल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "बकरी फिरली वाटतं." मग आठ दिवस आम्ही दोघी बसून केसातल्या उवा काढाव्यात तसा जवळा वेचत होतो. वरून व्हिनेगरचं पाणी. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा मी घाबरले, टाके असतील म्हणून.

हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "खल्यात बकरी शिरू देव नको." मी हसले. त्याही हसल्या असं वाटतं... का नळी होती म्हणून तोंड तसं दिसलं? ती थट्टा होती, की खरंच काम सोपवलं होतं? दीड महिना मी याच प्रश्नाभोवती फिरते आहे. निलेश येत्या रविवारी येतोय. "आई, टाइल्स बसवून टाकू. तुझं वय आहे का ते घासायचं? टाइल्सवाल्याला काय सांगू, ते तेवढं कळव." त्याचं चूक नाही. ब्रश उलट्या अंगाने मारायचा, हे मला पाठ आहे, पण उलटं म्हणजे घराकडून भिंतीकडे की भिंतीकडून घराकडे? इतकी वर्षं समोर बसून चहा पीत होते, बघितलं कधीच नाही. एक दिवस असा मारते, एक दिवस तसा. गवत कधी उभं राहतं, कधी तेल लावून चापून बसवल्यासारखं निजतं.

आज सकाळी भोकाशेजारी मारत होते आणि ब्रशाच्या केसात काहीतरी अडकलं. चष्मा लावून पाहिलं. जवळा! एकच, वाळून पांढरा पडलेला, डोळ्याच्या जागी काळा ठिपका शाबूत. वन्संच्या हातून सुटलेला एकुलता एक. तो तळहातावर घेतला. मग निलेशला फोन केला आणि म्हटलं, टाइल्सवाल्याला येऊ नको म्हणून सांग. "का गं, काय झालं?" तो विचारत राहिला.

फोन ठेवला, वाकले, आणि तो जवळा होता तिथेच पात्यांच्या बुडाशी परत खोवला.